आबा गेले तेव्हा: मालिकेतल्या मृत्यूनंतर आलेल्या शोकाचं एक प्रकरण

मी सोलापुरात समुपदेशक म्हणून काम करते. हे प्रकरण संबंधित बाई आणि त्यांच्या घरच्यांची परवानगी घेऊन लिहीत आहे. ओळख पटू नये म्हणून वय, पत्ता आणि घरातले काही तपशील बदलले आहेत. मालिकेचं नाव मुद्दाम दिलेलं नाही, त्यातल्या वडीलधाऱ्या पात्राला इथे 'आबा' म्हटलं आहे. बाईंचा उल्लेख 'काकू' असा करते, कारण समोरासमोरही मी त्यांना काकूच म्हणत होते.

पार्श्वभूमी

काकू ६३ वर्षांच्या. साखर पेठेतल्या एका बोळात दोन खोल्यांचं घर. शेजारी यंत्रमाग, त्यामुळे दिवसभर भिंतीला कान लावल्यासारखा खडखडाट. त्यांचे यजमान टॉवेलच्या कारखान्यात जॉबर होते, म्हणजे माग बिघडला की दुरुस्त करून परत चालू करून देणारे. काकू घरी बसून टॉवेलच्या कडा शिवायच्या, डझनावर पैसे मिळायचे. थोरला मुलगा पुण्यात नोकरीला, त्याचं बिऱ्हाड तिकडेच. सोलापूरच्या निम्म्या घरांची आज हीच कथा आहे. धाकटा मुलगा, सून आणि नात काकूंजवळ राहतात.

मागांच्या आवाजात आयुष्य काढलेल्या बऱ्याच कामगारांचं होतं तसं काकांचं ऐकणं उतारवयात खूप कमी झालं होतं. संध्याकाळी सातला ते कारखान्यातून यायचे. हातपाय धुणं, चहा, आणि साडेसातला ही मालिका. टीव्हीचा आवाज वाढवला तर नातीच्या अभ्यासाची पंचाईत व्हायची, म्हणून काकू शेजारी बसून पडद्यावरचं प्रत्येक बोलणं काकांच्या कानाशी मोठ्याने परत म्हणायच्या. "आबा म्हणायलेत, जमीन विकायची नाही." "सून रडायली." हातातली शिलाई चालू, तोंडाने संवाद चालू. असं पाच-सहा वर्षं चाललं. ही सवय ध्यानात ठेवावी, पुढे सगळं तिथेच येऊन थांबतं.

एप्रिल २०२१ मध्ये दोघांनाही कोरोना झाला. काका रुग्णालयात, काकू दुसरीकडे विलगीकरणात. सहाव्या दिवशी काका गेले. त्या दिवसांच्या नियमाप्रमाणे देह घरी आला नाही, अंत्यसंस्कार महापालिकेच्या माणसांनी केले. थोरला मुलगा पुण्याहून कसाबसा पोचला आणि अंगभर किट घालून लांब उभा राहिला. काकू नवव्या दिवशी घरी आल्या, तेव्हा भिंतीवर फोटो लागलेला होता. दहाव्याला चार माणसं होती आणि काकूंना उठून बसायचीही ताकद नव्हती.

त्याच सुमारास महाराष्ट्रात चित्रीकरण बंद झाल्याने कितीतरी मराठी मालिकांची मंडळी गोव्याला किंवा इतर राज्यांत जाऊन काम करत होती. काकू घरी आल्या तेव्हा ही मालिका चालूच होती. पुढे एकदा त्या मला म्हणाल्या, "घरात सगळं बदललं होतं. साडेसातला आबा मात्र तसेच. त्याच खुर्चीत."

काय घडलं

जून २०२३ मध्ये मालिकेतले आबा वारले. त्यांचं जाणं तीन भागांत सविस्तर दाखवलं. अंगणात ठेवलेला देह, गावातून लोटलेली माणसं, मडकं धरून पुढे चाललेला मुलगा, अग्नी, मग दहाव्याला पिंडाला शिवलेला कावळा.

पहिल्या भागाच्या रात्रीच काकू जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी डोक्यावरून अंघोळ केली, देवापुढे दिवा लावला नाही. सुनेने विचारलं तर "सुतक आहे" एवढंच बोलल्या. पाचव्या दिवशी नातीचा वाढदिवस होता. काकूंनी घरात गोड करू दिलं नाही. मुलगा चिडला, नात रडली. दहाव्या दिवशी सकाळी काकू गच्चीवर भाताचा गोळा ठेवून कावळ्याची वाट बघत बसलेल्या मुलाला दिसल्या. त्याच रात्री त्याने टीव्हीचं रिचार्ज बंद केलं. "या डब्यानं आईला येडं केलंय," असं त्याने बायकोला सांगितलं.

टीव्ही बंद झाला आणि काकू गप्प झाल्या. शिलाई सोडली. साखरेच्या गोळ्या घेईनात. तीन आठवड्यांत वजन चार किलोंनी उतरलं. बोळातल्या कुणीतरी "बाहेरचं बघा" म्हणून देवऋषीचं नाव सुचवलं. सुनेने तिकडे न जाता नेहमीच्या डॉक्टरांना गाठलं आणि त्यांनी माझ्याकडे पाठवलं. सुनेचा हा निर्णय मला फार मोलाचा वाटतो. त्या घरात तिचा शब्द शेवटचा नव्हता, तरी सासूला रिक्षात घालून ती एकटी आली होती.

माझी पहिली चूक

पहिल्या भेटीत मी काकूंना विचारलं, "आबा कोण?"

"मालिकेतले," त्या म्हणाल्या. "नट आहेत ते. जाहिरातीत पण येतेत."

उत्तर लख्ख होतं. तरी माझा त्यावर विश्वास बसला नाही. घरच्यांनी जे सांगितलं होतं ते माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं: या बाईला खरं-खोटं कळेनासं झालंय. दुसऱ्या भेटीत मी त्या नटाची एक ताजी मुलाखत फोनवर लावून त्यांच्यासमोर धरली. तो हसत होता, नव्या कामाबद्दल बोलत होता. मला वाटलं, हे बघून त्यांना हायसं वाटेल.

काकूंनी पूर्ण मुलाखत पाहिली. फोन पदराने पुसून परत दिला.

"बरे आहेत की. मी कुठं म्हणलं नट मेला? आबा मेले."

पुढच्या भेटीला त्या आल्या नाहीत. सुनेने फोनवर कळवलं, "आत्या म्हणतेत, मॅडमला पण तेच वाटायलंय."

त्या वाक्याने मी खूप अस्वस्थ झाले. घरातला प्रत्येक जण त्यांना एकच गोष्ट पटवत होता की हे खोटं आहे. ती त्यांना आमच्याइतकीच ठाऊक होती. त्यांच्या दुःखात खरं काय आहे, हे कुणीच विचारलं नव्हतं, मीही नाही.

प्रश्न नेमका कोणता

इथे थोडं शास्त्र सांगावं लागेल. रोज पडद्यावर दिसणाऱ्या माणसाशी आपलं एकतर्फी नातं जुळतं, हे डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड व्होल या अमेरिकन अभ्यासकांनी १९५६ साली मांडलं. समोरचा आपल्याला ओळखत नाही हे पक्कं ठाऊक असतानाही मन त्याला ओळखीच्या माणसांत धरतं. हे निरोगी मनाचंच लक्षण आहे. रोज ठरल्या वेळेला येणारा चेहरा, त्याची बोलण्याची लकब, त्याच्या घरातल्या अडचणी: माणूस आपला व्हायला प्रत्यक्ष आयुष्यातही याहून फार वेगळं काही लागत नाही. धाकट्या मुलाला समजावताना मी १९८७ सालच्या दूरदर्शनवरच्या 'रामायणा'ची आठवण दिली. टीव्हीला हार घालणारी, उदबत्ती लावणारी घरं तेव्हा देशभर होती. त्यांना कुणी वेडं म्हटलं नाही.

मालिका किंवा पात्र संपल्यावर दुःख होतं, हेही तपासलं गेलेलं आहे. केरेन इयाल आणि जोनाथन कोहेन यांच्या २००६ सालच्या अभ्यासात एका गाजलेल्या अमेरिकन मालिकेच्या शेवटानंतर प्रेक्षकांना विरह जाणवला होता, पण प्रत्यक्ष नातं तुटल्यावर होतं त्यापेक्षा तो सौम्य होता. माझं लक्ष या सौम्यपणाकडे गेलं. काकूंचं दुःख सौम्य नव्हतं. चार किलो वजन उतरवणारं, गोळ्या सोडायला लावणारं होतं. त्याला दुसरीकडूनही पाणी मिळत असणार.

त्याआधी आणखी एक शक्यता दूर करायला हवी होती. स्मृतिभ्रंशाच्या काही रुग्णांना पडद्यावरची माणसं आपल्याच खोलीत आहेत असं वाटतं. ते त्यांना चहा विचारतात, त्यांच्यासमोर कपडे बदलायला लाजतात. काकू टीव्हीसमोर एकट्याच मोठ्याने बोलतात, असं मुलाने सांगितलं होतं. ते खरं असेल तर वाट वेगळी होती.

समोर असलेले पर्याय

टीव्ही कायमचा बंद ठेवावा, हा धाकट्याचा आग्रह. थोरल्याचं म्हणणं, आईला पुण्याला न्यावं, वातावरण बदललं की विसरेल. मला ते पटलं नाही. पाचव्या मजल्यावरच्या सदनिकेत, ओळखीचं माणूस नसलेल्या सोसायटीत, दिवसभर मुलगा-सून कामाला. जे उरलंय तेही सुटलं असतं. मनोविकारतज्ज्ञांकडे नेऊन औषधं सुरू करणं हा तिसरा पर्याय, तो मी खुला ठेवला. देवऋषीचा पर्याय सुनेनेच मोडून काढला होता. आणि काहीच न करता वाट बघावी असंही एक मत होतं. साखरेच्या गोळ्या बंद असताना तसं करणं धोक्याचं होतं.

माझ्या मनात खरी ओढाताण टीव्हीवरून होती. परत चालू केला आणि काकू आणखी खोल गेल्या तर? मुलगा मला कधीच माफ करणार नव्हता. पण टीव्ही बंद झाल्यावर त्यांची प्रकृती बिघडली होती, हा क्रम कुणी लक्षात घेत नव्हतं. आबांच्या मृत्यूनंतरचे दहा दिवस काकू शोक करत होत्या, पण उठत होत्या, अंघोळ करत होत्या, भात शिजवून गच्चीवर जात होत्या. रिचार्ज संपल्यावर त्या आडव्या झाल्या.

काय केलं

आधी मी काकूंच्या घरी गेले आणि मुलाखत दाखवल्याबद्दल माफी मागितली. त्यांनी कडक भाकरी आणि शेंगाचटणी पुढे केली, माफीवर काही बोलल्या नाहीत. पण पुढच्या मंगळवारी आल्या.

डॉक्टरांनी रक्त तपासलं. साखर बरीच वाढलेली होती, गोळ्या परत सुरू झाल्या. स्मरणशक्तीची चाचणी केली. तारीख, हिशेब, शब्द लक्षात ठेवणं, सगळं ठीक. डझनाचे हिशेब तर त्या माझ्याहून लवकर करत होत्या. नैराश्याच्या नऊ प्रश्नांच्या चाचणीत २७ पैकी १३ गुण आले, म्हणजे मध्यम तीव्रता. मनोविकारतज्ज्ञांनी एकदा भेटून सांगितलं की चार आठवडे बघू, नाही सावरल्या तर औषध देऊ.

मग मी सुनेला एकटीला विचारलं, त्या टीव्हीसमोर नेमकं काय बोलतात?

तिने थोडा वेळ घेतला. "त्यांनी काय वेगळं बोलत नाहीत मॅडम. जे टीव्हीत म्हणतेत तेच परत म्हणतेत. मामांना ऐकू येत नव्हतं ना."

दोन वर्षं. काका गेल्यानंतरही दोन वर्षं काकू रोज साडेसातला फोटोखाली बसून संवाद परत म्हणत होत्या. एका घरात राहून मुलाने ते ऐकलं आणि बडबड समजला. त्यात त्याचा दोष मी मानत नाही, तोही बाप गेलेला मुलगा होता. रिचार्ज बंद करून आपण नेमकं काय बंद केलं, हे मात्र त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मी सांगितलं. तो उठून बाहेर गेला, बऱ्याच वेळाने आत आला आणि म्हणाला, "आजच चालू करतो."

अट एकच ठेवली की त्या वेळेला सुनेने शेजारी बसायचं. समजूत घालायची नाही, फक्त बसायचं.

पुढची पायरी जोखमीची होती. आबांच्या अंत्यसंस्काराचा भाग मोबाइलच्या अ‍ॅपवर उपलब्ध होता. तो काकूंसोबत बघावा का? मी त्यांनाच विचारलं. "बघू की," त्या म्हणाल्या. सून एका बाजूला, मी दुसऱ्या बाजूला. पडद्यावर मुलगा मडकं घेऊन निघाला तेव्हा काकूंनी माझा हात धरला. अग्नीच्या वेळी त्यांनी विचारलं,

"आमच्या ह्यांना अग्नी कुणी दिला?"

दोन वर्षांत त्यांनी हा प्रश्न कुणालाच विचारला नव्हता. मुलांना त्रास होईल म्हणून. आणि आईला त्रास होईल म्हणून मुलं आपणहून बोलली नव्हती.

थोरला मुलगा

त्याचं उत्तर फक्त थोरल्याकडे होतं. मी फोन केला तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही. मग कळलं की त्याच्याकडे चाळीस सेकंदांचा व्हिडिओ आहे. कुंपणापलीकडून घेतलेला. आईला पुढे कधीतरी दाखवू म्हणून काढला होता, आणि दाखवायचं धाडस झालं नव्हतं. त्याने स्वतःही तो पुन्हा उघडला नव्हता.

व्हिडिओ दाखवावा की नाही, यावर माझा आणि मनोविकारतज्ज्ञांचा मतभेद होता. त्यांचं म्हणणं, अर्धवट राहिलेला निरोप पूर्ण होईल. मला त्यातल्या किटमधल्या माणसांची भीती वाटत होती. मालिकेत आबांना अख्खं गाव पोचवायला आलं होतं. त्यानंतर हे बघायचं? शेवटी आम्ही निर्णय काकूंवर सोडला.

थोरला सप्टेंबरमध्ये दोन दिवस आला. तो, आई आणि मी. त्याने आधी तोंडाने सांगितलं. अग्नी त्याने दिला नव्हता, पालिकेच्या कर्मचाऱ्याने दिला होता. पण त्या कर्मचाऱ्याने त्याला लांबून विचारलं होतं, "नाव काय वडिलांचं?" आणि नाव घेऊन मगच पेटवलं होतं. हे सांगताना मुलाला पुढे बोलता येईना. काकूंनी त्याला जवळ घेतलं. "नाव घेतलं ना," एवढंच त्या परत परत म्हणत राहिल्या.

मग त्याने व्हिडिओचं सांगितलं आणि फोन पुढे केला. काकूंनी तो उलटा करून त्याच्या मांडीवर ठेवला. "तुझ्यापाशी ठेव. मी मागेन तेव्हा दे."

परिणाम

ऑक्टोबरमध्ये पितृपक्षात काकांच्या तिथीला काकूंनी स्वतः स्वयंपाक केला. काकांना आवडायची म्हणून गवारीची भाजी केली. त्या महिन्याच्या शेवटी चाचणीचे गुण १३ वरून ६ वर आले होते, औषधाची गरज पडली नाही. शिलाई सुरू झाली, आधीपेक्षा कमी. जानेवारी २०२४ मध्ये त्या सुनेबरोबर होम मैदानावर गड्ड्याच्या जत्रेला जाऊन आल्या. काका गेल्यानंतर पहिल्यांदाच.

सगळं सुरळीत झालं असं म्हणणार नाही. एप्रिल आला की त्या अजूनही आठ-दहा दिवस खाली जातात. मालिका त्या बघतात, आबांशिवाय ती अळणी वाटते म्हणतात. संवाद परत म्हणायची सवय कमी झाली, गेली नाही. आम्ही ती घालवायचा प्रयत्नही केला नाही.

वेगळं काय करता आलं असतं

मुलाखत दाखवणं टाळायला हवं होतं. माझ्या व्यवसायात समोरच्याचं वास्तवाचं भान तपासणं गरजेचं असतं, पण त्यांनी पहिल्याच वाक्यात ते दाखवून दिलं होतं आणि मी ते ऐकलं नाही.

टीव्ही परत चालू करायला मी जवळपास दोन आठवडे उशीर केला. बंद टीव्हीने निदान नुकसान तरी होणार नाही, असं मी धरून चालले होते. ते चुकीचं होतं.

थोरल्याला पहिल्या आठवड्यातच फोन करायला हवा होता. तो पुण्यात असल्याने मी त्याला या घटनेबाहेरचा समजले. खरं तर सगळ्यात एकटा तोच होता. त्याला मी १४४१६ हा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा मोफत क्रमांक दिला, पुण्यातल्या एका समुपदेशकाचंही नाव सुचवलं. नंतर मी पाठपुरावा केला नाही. तो करायला हवा होता.

आणि एक. आयसीडी-११ या आजारांच्या जागतिक वर्गीकरणात सहा महिन्यांहून जास्त टिकणाऱ्या, रोजचं जगणं अडवणाऱ्या दुःखाला 'दीर्घकालीन शोक' ही वेगळी नोंद आहे. काकूंची लक्षणं तिच्या जवळ जाणारी होती. ते लक्षात आल्यावर मी सगळी मांडणी त्यात बसवून टाकली: आबा म्हणजे काका, आबांचं दुःख म्हणजे काकांचं दुःख. नोव्हेंबरमधल्या एका भेटीत मी तसं बोलूनही दाखवलं. काकूंनी लगेच खोडून काढलं.

"तसं नाही ओ मॅडम. आबा वेगळे. आबा शांत होते. हे किती तापट, तुम्हाला काय सांगू. आबांसाठी पण वाईट वाटतंय मला. ते पण रोज येत होते की घरी."

माझ्या वहीत ते वाक्य तसंच उतरवून ठेवलंय. आबांसाठी रडणं हे काकांसाठी रडण्याचं निमित्त नव्हतं. दोन माणसं गेली होती, एक घरातलं आणि एक घरात येणारं, आणि त्यातल्या दुसऱ्याला तरी रीतसर निरोप मिळाला होता.

थोरल्याने मध्यंतरी फोन बदलला. नव्या फोनवर सगळ्यात आधी तो व्हिडिओ घेतला आणि आईला फोन करून तसं सांगितलं. "असू दे," काकू म्हणाल्या. अजून मागितलेला नाही.